कालावलच्या खाडीत घाई आणू नका: सिंधुदुर्गाचं पर्यटन ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या पर्यटनाचे आराखडे करणारे अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि सल्लागार मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मालवण तालुक्यात पर्यटन वाढवायचं म्हटलं की पहिलं नाव तारकर्लीचं येतं, मग देवबाग, मग सिंधुदुर्ग किल्ला, आणि आता तिकडे पाय ठेवायला जागा उरली नाही म्हणून सगळ्यांची नजर उत्तरेला वळायला लागलीय. सर्जेकोट, तळाशील, तोंडवळी, आणि तिथून आत कालावलची खाडी. जागा बघायला गाड्या येतायत, जेटीची चर्चा आहे, वॉटर स्पोर्ट्सची चर्चा आहे. काठावरच्या माणसांना अजून कोणी नीट काही विचारलेलं नाही म्हणून हे पत्र, आणि खुलं एवढ्यासाठी की काठावरच्या सगळ्यांनी वाचावं, इथे येऊ पाहणाऱ्या पर्यटकांनी पण वाचावं.

आधीच सांगतो, आम्हाला पर्यटन हवंय. 1997 साली आपला जिल्हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्याचा फायदा किनाऱ्यावरच्या मोजक्या गावांना झाला आणि आत खाडीकाठच्या वाड्यांतली पोरं मुंबई-पुण्याची वाट धरतच राहिली. त्यामुळे इकडे चार माणसं यावीत, राहावीत, जेवावीत, होडीतून फिरावीत असं आम्हालाही मनापासून वाटतं. पण या खाडीत बघण्यासारखं जे काही आहे ते सगळं हळू चालतं. भरतीच्या वेगाने चालतं. तिथे स्पीडबोट आणि फ्लडलाइट आणलेत तर माणूस जे बघायला आला तेच त्याला दिसणार नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते का ते जरा सविस्तर सांगतो कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ही खाडी पुलावरून गाडीच्या काचेतून पाहिली असेल.

सुरुवात तळाशीलपासून करू. गड नदी सह्याद्रीतून उतरून कणकवलीवरून येते आणि समुद्र अगदी हाताशी आला की सरळ आत शिरत नाही, मधे वाळूची लांबलचक पट्टी आडवी आहे, त्या पट्टीच्या आतल्या अंगाने वाहत जाऊन मग सर्जेकोटच्या बाजूला समुद्राला मिळते. या पट्टीवर तळाशील वसलंय. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी, मधे माड, घरं आणि एक रस्ता. सकाळी खाडीच्या बाजूला उभं राहिलात तर समोरच्या डोंगरामागून सूर्य वर येताना दिसतो, आणि संध्याकाळी तोच सूर्य बुडताना बघायला फक्त रस्ता ओलांडून माडांमधून पलीकडे जायचं. खाडीकडे पाणी इतकं शांत असतं की माडांची सावली हलत नाही, आणि त्याच वेळी पाठीमागे लाटांचा आवाज चालू असतो. हे दोन्ही एकत्र ऐकायला मिळतं अशा जागा कोकणात आहेत पण थोड्या, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आता मधे हॉटेलाचा जनरेटर आलाय.

तिथून होडीने आत निघायचं. होडी म्हणजे वल्ह्याची, निदान हळू इंजिनाची. थोडं आत गेलं की पाणी पसरतं आणि मधे बेटं दिसायला लागतात, आम्ही त्यांना जुवा म्हणतो. काही जुव्यांवर वस्ती आहे, माडाच्या बागा आहेत, घरापासून धक्क्यापर्यंत पायवाट आणि धक्क्याला बांधलेली होडी, कारण बाजार, शाळा, दवाखाना सगळंच पलीकडे. बाहेरून आलेल्या माणसाला हे चित्र फार सुंदर वाटतं आणि आहेच ते सुंदर, पण पावसाळ्यात रात्री कोणाच्या छातीत दुखायला लागलं तर काय होतं हेही त्याच चित्रात आहे. म्हणून जेटीचं काम काढलंत तर पहिला धक्का जुव्यावरच्या माणसांना नीट बांधून द्या, पर्यटक त्याच धक्क्यावर उतरतील, त्यांची काही तक्रार नसेल.

बेटांच्या आणि काठांच्या कडेने कांदळवन आहे, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचं रान. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आराखड्यांत त्याला 'मॅन्ग्रोव्ह पॉइंट' असं नाव देऊन विषय संपवतात. ओहोटीला या, आमच्याकडे सुकती म्हणतात, पाणी सुकायला लागलं की चिखल उघडा पडतो आणि तिवर नावाच्या झाडांची मुळं पेन्सिली रोवल्यासारखी हजारोंनी वर आलेली दिसतात, झाड त्यातून श्वास घेतं. कांदळ या दुसऱ्या झाडाची मुळं वेगळी, ती खोडापासून कमानी करून चिखलात उतरतात, आणि त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, लांब हिरव्या शेंगेसारखं लटकतं आणि खाली पडलं की चिखलात उभं रुततं नाहीतर भरतीबरोबर दुसरीकडे जाऊन लागतं. तिवराचं पान जिभेला लावून बघा, खारट लागतं, झाड नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. पण ओळख नसलेल्या झाडाची फांदी मोडू नका, यातल्या एका झाडाचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, हे सांगायला सोबत इथला माणूसच लागतो. आणि चिप्पी. 2020 साली राज्याने चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं, छान झालं, पण ते फूल किती लोकांनी पाहिलंय? ते संध्याकाळी उमलतं, पांढऱ्या तंतूंचा झुबकाच असतो, रात्री वटवाघळं आणि पतंग त्यावर येतात आणि सकाळपर्यंत तंतू गळून जातात. पहाटे होडी काढली तर ते पाण्यावर तरंगताना दिसतात. सकाळी दहाच्या राइडला आलेल्याला ते कधीच दिसणार नाहीत.

त्याच मुळांमध्ये कोळंबीची आणि माशांची पिल्लं वाढतात. तांबोशी, काळुंदर, कुर्ल्या, खडकाला चिकटलेली कालवं, चिखलातल्या तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, सगळं या खाडीचं देणं आहे, आणि सुकतीला कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायका तुम्हाला दिसतील, त्यांच्या घरचा हातखर्च त्यावर चालतो. स्पीडबोट गेली की तिच्यामागची लाट दोन्ही काठांवर आपटते. एकदा आपटली तर काही होत नाही पण दिवसभर सारखी आपटत राहिली तर काठाचा मऊ चिखल सुटतो, कोवळी रोपं उपटली जातात आणि पाणी इतकं गढूळ होतं की पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकून उपयोग नाही. आणि पाण्यात वाकून उभ्या असलेल्या बाईच्या शेजारून जेटस्की जाणं हे धोक्याचं आहे हे तर सांगायलाच नको.

पक्ष्यांचंही तसंच. ब्राह्मणी घार इथे कायम असते, तांबूस अंग आणि पांढरी मान, होडीच्या वर गोल गोल फिरत राहते. समुद्री गरुड दिसतो. खंड्या तर जवळजवळ प्रत्येक खुंट्यावर. थंडीत कुरव आणि तुतवार येतात, चिखलावर पळापळ चालू असते त्यांची. नशीब चांगलं असेल तर पहाटे पाणमांजर दिसतं, पाण्याबाहेर फक्त डोकं आणि मागे रेष. जाळी फाडतात म्हणून कोळी बांधव त्यांच्यावर चिडतात ते बरोबरच आहे, तरी पण पाणमांजर आहे याचा अर्थ खाडीत मासा आहे. यातलं काहीही इंजिनाच्या आवाजात थांबत नाही. दुर्बीण घेऊन दोन तास गप्प बसणारे पर्यटक असतात, ते पुन्हा पुन्हा येतात, आठ-आठ दिवस राहतात, आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे काहीच प्लॅन नाही.

अजून आत गेलं की कालावलचा पूल आणि मग मसुऱ्याकडे दोन्ही काठांवर टेकड्या जवळ येतात. इथे एक गंमतीची जोडी आहे जी कुठल्याच ब्रोशरमध्ये मी धड पाहिली नाही. दक्षिण काठावर भरतगड, समोर उत्तर काठावर भगवंतगड, मधे खाडी. एक सावंतवाडीच्या फोंड सावंतांचा, दुसरा बावड्याच्या पंत अमात्यांचा, 17वं शतक सरताना दोन सत्ता समोरासमोर बसून या पाण्यावर नजर ठेवून होत्या. का, तर रस्ते नव्हते तेव्हा ही खाडी हाच रस्ता होता, माल याच पाण्यातून वर जायचा आणि खाली यायचा, आणि ज्याच्या हातात काठ त्याच्या हातात वाट. पुढे 1818 मध्ये दोन्ही गड इंग्रजांकडे गेले. भरतगडावर आता आंब्याची बाग आहे, आत खोल विहीर आहे, तटावरून खाली बघितलं की खाडीची सगळी वळणं एका नजरेत येतात. चढ अगदी थोडा आहे, म्हातारी माणसं पण सावकाश जातात. सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या लोकांपैकी दहा टक्के जरी इकडे वळले तरी मसुऱ्यातल्या खानावळी चालतील, पण गडावर पाणी, खाली साधं स्वच्छ टॉयलेट आणि फाट्यावर एक धड बोर्ड एवढं तरी करा. काँक्रीटची कमान नको.

मसुऱ्याजवळच आंगणेवाडी आहे. भराडी देवीच्या जत्रेला दीड-दोन दिवसांत लाखो माणसं येतात, जादा रेल्वे सुटतात, मंत्री येतात, आणि येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं की जवळच एवढी खाडी आहे. जत्रेची गर्दी खाडीत आणा असं मी मुळीच म्हणत नाहीय. पण जत्रेला आलेल्या माणसाला 'पुन्हा डिसेंबरमध्ये सवडीने या' असं सांगणारं कोणीतरी हवं.

आता रात्रीचं. तोंडवळी-तळाशीलच्या समुद्राकडच्या वाळूत थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका वेळी शंभराच्या आसपास अंडी, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. पिल्लं बाहेर आली की जिकडे उजेड जास्त तिकडे चालायला लागतात, अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडे असतो, किनाऱ्यावर हॅलोजन लावलेत तर ती गावाकडे चालतात आणि मरतात. थंडीत कधीकधी लाटा निळ्या चमकतात तेही अंधार असेल तरच दिसतं, नॉक्टिलुका नावाचे पाण्यातले बारीक जीव ते, लाट फुटली की उजळतात. ते बघायला लोक रात्री गाड्या काढून किनाऱ्यावर येतात आणि आपण तिथेच 'सुशोभीकरण' म्हणून हायमास्ट उभे करतो! तळाशीलच्या पट्टीवर समुद्राकडे तोंड करून एकही मोठा दिवा लावू नका ही माझी अगदी हात जोडून विनंती आहे. रस्त्यावर चालायला उजेड हवा तो खाली झुकलेल्या, झाकलेल्या दिव्यांनी मिळतो.

आता जो विषय काढला की बैठकीत सगळे घड्याळ बघायला लागतात तो. वाळू. तळाशील म्हणजे वाळूची पट्टी हे वर लिहिलंच आहे. एका बाजूने समुद्र दर पावसाळ्यात ती खातो, लोक बंधाऱ्यासाठी वर्षानुवर्षं कागद घेऊन फिरतायत, आणि दुसऱ्या बाजूने खाडीच्या पात्रातून वाळू उपसा. पात्र खोल झालं की काठाची वाळू ते खड्डे भरायला खाली सरकते, माड कलतात, मग पडतात, हे समजायला इंजिनिअर लागत नाही, तळाशीलच्या कुठल्याही घराच्या मागच्या दारात उभं राहून दिसतं. उद्या ही पट्टी मधेच तुटली तर खाडीचं तोंड बदलेल, आतल्या मळ्यांत खारं पाणी शिरेल, आणि तुमची जेटी कोरड्यात नाहीतर समुद्रात जाईल. म्हणून पर्यटनाच्या आराखड्याचं पहिलं पान वाळूचं असायला हवं. वस्तीच्या जवळच्या पात्रात उपसा पूर्ण बंद, रात्रीचा तर कुठेच नाही, आणि परवाना दिला असेल तर कुठून कुठपर्यंत आणि किती हे गावाला वाचता येईल असं लावलेलं. हे दुसऱ्या खात्याचं काम आहे असं उत्तर कृपया देऊ नका, पर्यटक ज्या काठावर उभा राहणार तो काठच उरला नाही तर तुमच्या खात्याला काम काय राहणार.

मोठ्या प्रकल्पांचा अनुभव आम्हाला आहे. तोंडवळी-वायंगणीच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, सी-वर्ल्ड नावाचा समुद्री जीव दाखवणारा मोठा प्रकल्प येणार म्हणून किती वर्षं गावं भांडली, हजाराहून जास्त एकर जमिनीची मागणी होती, घराघरात दोन गट पडले. मी त्या वादात आता पुन्हा शिरत नाही. एवढंच म्हणतो की काचेच्या टाकीतला समुद्र दाखवण्यासाठी जेवढी बुद्धी आणि जेवढ्या बैठका खर्च झाल्या त्याच्या थोड्या भागात ही खरी खाडी कधीच नीट उभी राहिली असती.

कसं करायचं याचं उदाहरण जिल्ह्यातच आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत लोकांना कांदळवन दाखवतात, झाडांची नावं सांगतात, पक्षी दाखवतात, आणि लोक लांबून त्यासाठी येतात. तसं इथे का नाही होणार? तळाशील, रेवंडी, हडी, कालावल, मसुरे, बांदिवडे, प्रत्येक ठिकाणी होडी चालवणारी माणसं आहेत, पाणी कुठे उथळ आणि कुठे ओढ आहे हे त्यांना पाठ आहे. त्यांना लायसन्स काढून द्या, लाइफ जॅकेट द्या, ट्रेनिंग द्या, विमा द्या, वल्ह्याच्या होड्यांना आणि बॅटरीवर चालणाऱ्या बोटींना सबसिडी द्या. सुरक्षिततेचं मी मुद्दाम म्हणतोय, मे 2022 मध्ये तारकर्लीला बोट उलटून पर्यटकांचे जीव गेले ते अजून कोणी विसरलेलं नाही, एका होडीत किती माणसं हे पक्कं ठरलेलं हवं आणि सीझनमध्ये पण तेच राहायला हवं. खाडीत वेगाची मर्यादा घाला, जेटस्की आणि बनाना राइडला या पाण्यात परवानगीच देऊ नका, त्यांच्यासाठी उघडा समुद्र आहे. होडीवर स्पीकर नको. कांदळवन तोडायला बंदी आणि भोवतीचा 50 मीटरचा पट्टा मोकळा, हे तर मुंबई हायकोर्टाने 2018 मध्येच सांगितलंय, मग तो पट्टा प्रत्यक्ष जागेवर खुणा करून दाखवा म्हणजे 'आम्हाला माहीत नव्हतं' हे कारण कोणालाच उरणार नाही, बाहेरच्यालाही आणि गावातल्यालाही. कारण कांदळवनात भराव टाकणारे सगळे बाहेरचेच असतात असं नाही, हे मी आमच्या लोकांच्या तोंडावर सांगायला तयार आहे.

आणि एक काम अगदी स्वस्तातलं. प्रत्येक धक्क्यावर भरती-ओहोटीच्या वेळांचा फळा लावा. पाणी रोज साधारण 50 मिनिटं पुढे जातं, अमावास्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती आणि अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे लहान भरती, आम्हाला हे लहानपणापासून कळतं पण पुण्याहून आलेला माणूस सकाळी अकराला येतो, नेमकी सुकती असते, होडी चिखलात बसलेली असते आणि तो वैतागून परत जातो. त्याला आधीच कळलं की आज कांदळाची मुळं बघायला अकरा चांगले आणि जुव्यावर जायला चार चांगले, तर तो दिवसभर थांबेल, दुपारी इथेच जेवेल, कदाचित राहील. जिल्ह्याच्या वेबसाइटवर पण टाका, होमस्टेवाल्यांना महिन्याचा तक्ता छापून द्या.

पावसाळ्यात मात्र सोडून द्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते तशीच होडीची सफर पण बंद ठेवा, गड नदी तेव्हा लाल पाणी घेऊन येते आणि तोंडाशी समुद्र उभा असतो, तिथे हौस करायची नाही. पावसातली खाडी बघायची तर भरतगडावरून बघा, खाली लाल पाण्याची वळणं आणि दोन्ही काठांना हिरवंगार, तेही पुरेसं आहे.

माझी मागणी अशी की पुढचा आराखडा मंजूर करण्याआधी एक बैठक खाडीकाठी घ्या. हॉल नको, प्रोजेक्टर नको. तळाशीलला पहाटे या, आमच्या होडीतून मसुऱ्यापर्यंत चला, भरती धरून निघालो तर पाणीच आपल्याला वर नेतं, वाटेत जुव्यावर उतरू, पडलेले माड बघू, भरतगड चढू आणि तिथे बसून बोलू. तारीख अमावास्या किंवा पौर्णिमेच्या जवळची धरा म्हणजे पाणी भरपूर मिळेल. नोटीस सगळ्या ग्रामपंचायतींच्या बोर्डावर आठवडाभर आधी लागू दे, तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना पण बोलवा आणि त्यांची वेळ सुकतीची असते हे बघून वेळ ठरवा. होड्यांची सोय आम्ही करतो.

आपला,
कालावल खाडीकाठचा एक रहिवासी